कानबाई सुरीनामला गेली

मी जन्मात पहिल्यांदा विमानात बसले तेव्हा माझ्या मांडीवर कणकेचा डबा होता. पत्र्याचा, कडीचा, वरून जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला. विमानातली ताठ मानेची मुलगी तो वर ठेवायला मागत होती. मी दिला नाही. तिने खुणेने विचारलं, आत काय? मी बोट वर करून हात जोडले. ती दोन पावलं मागे सरकली आणि त्यानंतर मला फक्त दुरून पाणी देत राहिली.

आमचे हे शेजारच्या खुर्चीत आपण या बाईला ओळखतच नाही असा चेहरा करून बसले होते.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. दुष्काळाचं साल नुकतंच सरलं होतं. मी धरणगावची लेक, चोपड्याची सून. माहेरी कापूस, सासरी केळी, एवढंच माझं जग, आणि मागच्या वर्षी त्यातली केळी उभ्याच्या उभ्या वाळलेल्या मी पाहिलेल्या. विहिरीत कळशी सोडली की ती पाण्यावर न आदळता दगडावर वाजायची. माझे जेठ, म्हणजे यांचे थोरले भाऊ, शेतकी शिकून केळीच्या रोगांचे जाणकार झाले होते आणि दक्षिण अमेरिकेच्या डोक्यावर सुरीनाम नावाचा एवढासा देश आहे, तिथल्या मळ्यांवर कामाला लागले होते. त्यांनी बोलावून घेतलं. म्हणाले, दोघं या, महिनाभर राहा, आयुष्यात एकदा पाणी म्हणजे काय ते बघून जा.

जायचा मुहूर्त लागला तो श्रावणात. आणि श्रावणात आमच्याकडे कानबाई.

खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर ही देवी मांडतात. नारळाला डोळे रेखायचे, नथ घालायची, चौरंगावर बसवायचं, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर बोळवायचं. तिच्या नैवेद्याला रोट लागतात. आमच्या घरी रोट म्हणजे पुरणाच्या जाड पोळ्या. त्यांचे गहू मोजायची रीत अशी, की घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ टाकायची. आणि हे रोट खायचे फक्त भाऊबंदांनी, एका कुळाच्या माणसांनी. शेजारी कितीही जिवाभावाचा असो, त्याला त्या दिवशी फुटाणे. रोट परक्याच्या तोंडात जाता कामा नये आणि वायाही जाता कामा नये.

सासूबाईंनी मला सगळं बजावून सांगितलं. "तठे आपला दोनच माणसं शेतस," त्या म्हणाल्या. "दोनसनं मोज. बाहेरना तोंडमा जावाले नको, अन् उरावाले बी नको. समजनं का?"

समजलं होतं की. पण मी तेव्हा फार हुशार होते. माझी जाऊ, जिला मी अक्का म्हणायचे, ती कॉलेजात गेलेली आणि मी मॅट्रिकच्या दारातून परत आलेली. तिकडे राहून अक्का सगळं विसरली असणार, केस कापले असणार, देवाला बिस्किटं दाखवत असणार, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. तिला कानबाई कशी करतात ते दाखवायचं होतं. सासूबाई मागच्या दारी गेल्या तशी मी यांचं नाव घेतलं, जेठांचं घेतलं, मग सासऱ्यांचं, मग त्यांच्या भावांचं, मग चुलतदिरांचं, त्यांच्या पाळण्यातल्या पोरांचं. चोपड्यातले संपले तेव्हा बाहेरगावी राहायला गेलेले आठवून आठवून घेतले. बठ्ठी, सगळीच्या सगळी भाऊबंदकी मी त्या सुपात ओतली. एवढं दळताना हात सुजले, पण काय तो आनंद! आता देवीसुद्धा म्हणेल, सून असावी तर अशी.

तर असं ते पीठ. बठ्ठ्या भाऊबंदकीचं पीठ, आणि खाणारी तोंडं चार.

त्या देशात उतरले आणि पहिली गोष्ट कळली ती अशी की हवा पिता येते. दरवाजा उघडला नि ओल्या घोंगडीसारखं काहीतरी अंगावर पडलं, आणि ती हवा होती. विमानतळापासून गावापर्यंतचा रस्ता दोन्हीकडून हिरव्या भिंतींनी दाबलेला. मी पदराआडून बघत होते. आमच्याकडे सातपुड्यात जंगल आहे, मी लाकूडफाट्याच्या गाड्यांबरोबर पायथ्यापर्यंत गेलेली बाई. पण आमच्या जंगलात झाडं एकमेकांना जागा देऊन उभी असतात. इथे झाडावर झाड, त्याच्या खांद्यावर वेल, वेलीच्या काखेत आणखी एक झाड, आणि त्याच्या पानात साचलेल्या पाण्यात बेडूक. मातीचा एक तळहात दिसेना. ज्या बाईने वर्षभर भेगाळलेली जमीन पाहिली तिला हे कसं सोसावं? मला रडू आलं. यांनी विचारलं, विमान लागलं का? मी म्हटलं, हो.

गाव लाकडाचं. पांढरी, उंच खांबांची लाकडी घरं. रस्त्यावर पाच मिनिटं उभं राहिलं तर पाच देशांची माणसं अंगावरून जात. कडक खळ केलेलं फडकं डोक्याला मुकुटासारखं बांधलेल्या काळ्याभोर ठसठशीत बायका, चिनी दुकानदार, जावा बेटावरून आलेल्यांची पोरं, नाकात फुली नि डोक्यावर ओढणी घेतलेल्या आपल्यासारख्या बायका, गोरे साहेब सायकलवर. एका रस्त्यावर मशीद आणि ज्यूंचं देऊळ भिंतीला भिंत लावून उभी. मी जेठांच्या मागून चालत होते. तिथे मी थांबलेच. धरणगावात आमच्या गल्लीत दोन सख्खे भाऊ मधल्या भिंतीवरून वर्षानुवर्षं बोलत नव्हते.

आणि अक्का? अक्काचे केस कंबरेपर्यंत होते. तिच्या देवघरात समई तेवत होती. मी डबा खाली ठेवला, तिने झाकण उघडलं, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"किती माणसांचं मोजलंस ग?"

"सगळ्यांचं," मी मान वर करून म्हटलं.

अक्का खाली बसली. तशीच पिठाशेजारी बसून ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अगं बाई, इथे चपाती सकाळी केली तर संध्याकाळी तिच्यावर केस येतात. हे सगळं खायचं कोणी? आपण चौघांनी?"

"पीठ उरवू मग."

"देवीच्या नावाने मोजलेलं उरवतात का? तूच सांग, तू शिकवायला आलीस ना?"

तिला कसं कळलं कोण जाणे. 

आता जेठांसमोर मी डोक्यावर पदर घ्यायची आणि ते माझ्याशी थेट बोलायचे नाहीत. आमच्याकडची तशी रीत. जेठ नि धाकट्या भावजयीने एकमेकांशी बोलायचं ते भिंतीशी बोलल्यासारखं. त्यामुळे रात्री जेवताना ते अक्काला म्हणाले, "तिले सांग, रविवारनंतर आठ दिवस आपू दुसरं काहीच खावाव नई." आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

रविवारी कानबाई मांडली. तिथे नारळाला तोटा नाही. सगळ्यात देखणा निवडला, अक्काने काजळाने डोळे काढले, माझी नथ घातली. दुपारपासून शेजारणी यायला लागल्या. पलीकडच्या घरातली आजी आली, हातात जास्वंदीची टोपली घेऊन. तिला सगळा मोहल्ला आजीच म्हणायचा. तिच्या बापाला भोजपुरी मुलखातून उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून जहाजात घालून आणलेलं, ती तिथेच जन्मली. तिची बोली मला अर्धी कळायची. शेजारची जावानीज बाई आली, ती चपला बाहेर काढून दारातच बसली. तिचं घराणं मुसलमान, पण नथ घातलेला नारळ बघून तिने दोन्ही हात छातीशी नेले. कोणी हसलं नाही, कोणी विचारलं नाही की नारळाला कशाला नथ. आजीने त्यांच्याकडची गाणी म्हटली. मी आमची म्हटली. चाल जुळेना, पण टाळी जुळली.

आणि सगळं झाल्यावर मी त्यांच्या हातावर फुटाणे ठेवले.

घरभर पुरणाचा वास. चुलीशी रोटांचा ढीग, मी आदल्या रात्रीपासून लाटलेला. जावानीज बाईने ढिगाकडे बघितलं, फुटाण्यांकडे बघितलं, आणि हसून फुटाणे खाल्ले. आजी नाही हसली. "ए बेटी," ती म्हणाली, "उसमें सोना भरल है का?"

अक्काने तिला रीत समजावली. आजीने मान डोलावली. रीत म्हटल्यावर तिने फुटाणे पदरात बांधले.

सोमवारी बोळवण. जेठांनी बेत असा केला होता की देवी नदीला द्यायची ती जंगलातल्या नदीला, म्हणजे आम्हाला जंगलही दिसेल. आजी म्हणाली, मी येणार, देवीला पोचवायला. जावानीज बाईही निघाली. तिने सगळ्यांसाठी भात, तळलेल्या शेवया, मासे असं टोपलंभर रांधून घेतलं. मी मनात म्हटलं, घे बाई, आम्ही काही त्याला हात लावणार नाही. आणि मी माझा डबा घेतला. उरलेले रोट घरी ठेवले तर वास येणार, म्हणून जिथे मी तिथे डबा.

ट्रकने धक्क्यापर्यंत, पुढे नाव. एकाच प्रचंड बुंध्यातून कोरलेली लांबलचक नाव, पाठीमागे इंजिन लावलेलं. नावाडी दोघे भाऊ. जंगलातल्या त्या लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले, मळ्यांवरून पळून जंगलात शिरलेले आणि पुन्हा कोणाच्या हाताला न लागलेले. जेठांनी हे सांगितलं तेव्हा मी त्या दोघांच्या पाठींकडे बघितलं. थोरला मागे इंजिनाशी, धाकटा पुढे लांब बांबू घेऊन उभा, पाण्याखालचा खडक नुसत्या पाण्याच्या सुरकुतीवरून ओळखणारा.

नदीचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, आणि इतकं स्वच्छ की हात बुडवला तर हात सोन्याचा दिसे. मी तो पुन्हा पुन्हा बुडवत राहिले. तेवढ्यात धाकटा काही ओरडला आणि जेठ अक्काला म्हणाले, "तिले सांग, अठला मासा बोट खातस." मी हात इतक्या जोरात वर घेतला की आजी भिजली.

दोन्ही काठांनी जंगल पाण्यावर वाकलेलं. हिरव्या रंगाचे इतके प्रकार असतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. माझ्या लेखी हिरवा एक होता, केळीच्या पानाचा. एके ठिकाणी झाडांच्या वर, सगळ्यांच्या वर, एकटंच एक झाड निघालेलं. बुंधा आमच्या ओसरीएवढा रुंद. फांद्यांवरून पांढरे पुंजके सुटून हवेत तरंगत होते. एक येऊन माझ्या पदरावर बसला. मी बोटांत घेतला, ओढून पाहिला. कापूस! धरणगावच्या पोरीला कोणी सांगायला नको. सावरीच्या जातीचं झाड होतं ते, पण आमच्याकडच्या सावरीने याला पाहिलं असतं तर डोक्यावर पदर घेतला असता. थोरल्या नावाड्याने इंजिन मंद केलं, टोपी काढली, झाडाकडे बघून तोंडातल्या तोंडात काही पुटपुटला. त्यांच्यात ते देवाचं झाड. मीही नमस्कार केला. कुठल्या देवाला ते मला माहीत नव्हतं, पण एवढ्या उंचीला हात आपोआप जोडले जातात.

कानबाईला आम्ही त्याच झाडाखालच्या डोहात बोळवलं. नथ काढून घेतली. नारळ थोडा वेळ डोहात आमच्या नावेशी घुटमळला, काजळाच्या डोळ्यांनी बघत, मग एका वळणावर तिने आपली वाट धरली. आजी पदर डोळ्याला लावून म्हणाली, "घर जा माई." मला वाटलं, चोपड्यापासून इतक्या लांब देवीला सोडून आपण काय केलं? आणि लगेच वाटलं, इतकं पाणी तिला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं असेल.

त्यानंतर आली खडकाळ धार. नदी तिथे पायऱ्या उतरते. नाव तिच्यावरून धारेच्या उलट वर चढवायची. धाकट्याने बांबू रोवला, थोरल्याने इंजिन पिळलं, नाव वर उचलली गेली, आणि खाली काहीतरी कटकन मोडलं. इंजिन नुसतंच किंचाळायला लागलं. नाव आडवी झाली. पाणी आत आलं.

आमच्या यांनी माझा हात धरायला हात पुढे केला. मी दोन्ही हातांनी डबा धरला.

एवढं सगळं क्षणात झालं. दोघे भाऊ पाण्यात उडी टाकून नावेला खांदा लावून उभे. त्यांनी आम्हाला एका सपाट काळ्या खडकावर उतरवलं. आम्ही सगळे होतो, डबा होता, जावानीज बाईचं टोपलं नव्हतं. सकाळी माझा डबा कोरड्या जागी राहावा म्हणून मीच ते टोपलं नावेच्या कडेला सरकवलं होतं. भात आणि शेवया कानबाईच्या मागोमाग गेल्या.

"माले सोडीसन डबा धरस का व?" हे म्हणाले, ओले, नि खरंच दुखावलेले.

"तुम्हाला पोहता येतं," मी म्हटलं. "रोटांना येत नाही."

इंजिनाच्या पंख्याची खीळ मोडली होती. नवी घडवायला वेळ लागणार होता. थोरला नावाडी खडकावर लोखंडाचा तुकडा घासत बसला, धाकटा छातीभर पाण्यात नाव धरून उभा. आम्ही खडकावर. ऊन डोक्यावर आलं. मग क्षणात आभाळ काळं झालं आणि पाऊस आला. जंगलावर पडणारा पाऊस आधी ऐकू येतो, लांबून, हजारो माणसं टाळ्या वाजवत धावत येतायत असा. मग तो अंगावर येतो. पाच मिनिटांत गेला. त्याच्या मागोमाग जंगलातून असा एक आवाज उठला की मी जेठांसमोरचा पदर-बिदर विसरून अक्काच्या गळ्यात पडले. वाघ नव्हे, माकडं. ढोलासारख्या गळ्याची तांबडी माकडं, पाऊस थांबल्याची वर्दी देणारी. आणि नदीवरून एक फुलपाखरू गेलं, तळहाताएवढं. निळं म्हणू? पंख उघडले की निळी वीज, मिटले की काहीच नाही. उघड, मीट, उघड, मीट, असं ते आख्खी नदी ओलांडून गेलं आणि आमच्यातलं कोणी बोललं नाही.

बोललं ते पोट. सकाळपासून कोणी खाल्लं नव्हतं. मी डबा उघडला. पुरणाचा वास खडकावर पसरला. वासात किंचितसा आंबटपणा आला होता, अक्काने माझ्याकडे बघितलं. संध्याकाळपर्यंत हे नासणार. आम्ही चौघांनी एकेक घेतला. जेठांनी घास तोंडाशी नेला, पाण्यातल्या धाकट्या नावाड्याकडे बघितलं आणि घास खाली ठेवला. यांनीही ठेवला. अक्काने तर तोडलाच नव्हता.

मी मात्र खात होते. खरं सांगते, हट्टाने चावत होते. समोर आजी बसलेली, पाण्यात पाय सोडून. जावानीज बाई आपल्या गेलेल्या टोपल्याच्या दिशेने बघत. त्या कोणी मागत नव्हत्या, तेच जड होतं. दिले तर रीत मोडली, नाही दिले तर सहा तासांत देवीचं अन्न नदीत. म्हणजे दोन्हीकडून सासूबाई.

मग आजी बोलायला लागली. माझ्याकडे न बघता, पाण्याकडे बघत. अक्का मधूनमधून समजावून सांगत होती, पण बहुतेक मला कळलं. तिच्या धाकट्या मुलाला एक मुलगी आवडली होती. चांगली मुलगी, जात आडवी येत नव्हती, तिकडे तशीही जात धुऊन निघालेली. लग्न ठरत आलं. तेव्हा कळलं की मुलीचा आजा आणि आजीचा बाप एकाच जहाजातून आले होते. एका जहाजात आले म्हणजे जहाजी भाई. सख्ख्या भावासारखे. त्यांच्या लेकरांत सोयरीक होत नाही. आजीने लग्न मोडलं. मुलगा दुसऱ्या देशात निघून गेला, तो अजून पत्र धाडत नाही.

"जेके साथ बियाह ना होय, ऊ घर के आदमी," आजी म्हणाली. "तोहरे में का है?"

माझा घास थांबला. आमच्यातही तेच होतं की! भाऊबंद कोण, तर ज्यांच्या घरात पोर देता येत नाही ते. त्यापलीकडे आम्हाला तरी कोणती व्याख्या येत होती?

थोरला भाऊ खीळ घासता घासता ऐकत होता. त्याने जेठांना काही विचारलं, जेठांनी त्यांच्या बोलीत सांगितलं. त्याने खीळ गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, आणि जेठांनी ते अक्काला सांगितलं, की त्यांच्या पूर्वजांनाही साखळीत घालून जहाजातच आणलं होतं. आई कुठली, बाप कुठला, भाषा कुठली, सगळं पुसून टाकलं होतं. तर एका जहाजातून उतरलेल्यांनी एकमेकांनाच नातं लावून घेतलं. त्यांच्याकडेही त्याला वेगळा शब्द आहे. आणि त्यांच्यातही पूर्वी सोयरीक होत नसे.

जावानीज बाईला कोणी तरी हे सांगितलं. तिने नुसतं बोटाने खाली दाखवलं, पाण्यात डुचमळणाऱ्या आमच्या नावेकडे.

मी त्या लाकडाकडे बघितलं. एका झाडातून कोरलेलं. आम्ही सगळे त्यात बसून आलो होतो, आणि ती उलटली असती तर माशांनी कुळ विचारलं नसतं.

मी यांच्याकडे बघितलं. ते जेठांकडे बघत होते. आणि मग जी गोष्ट आमच्या घरात कधी झाली नव्हती ती झाली. जेठ माझ्याकडे वळले, अक्काकडे नाही, आणि सरळ मला म्हणाले, "कानबाई तू मांडेल शे. आते तूच सांग."

मला वाटलं होतं, पुरुष ठरवतील आणि मी सासूबाईंना सांगेन, त्यांनी ठरवलं. तेवढी आडोशाची जागाही गेली. पदर ओला होऊन खांद्यावर पडला होता, तो तसाच राहू दिला.

"आजी," मी विचारलं, "जहाजाचं नातं किती दिवस चालतं?"

आजीने माझ्याकडे असं बघितलं जणू मी फारच लहान आहे. होतेच. "नाता में दिन होय है?"

मी उठले, गुडघाभर पाण्यात उतरले, आणि पहिला रोट धाकट्या नावाड्याला दिला. त्याचे दोन्ही हात नावेला, म्हणून तोंडापाशीच धरला. त्याने मोठा घास घेतला, आणि चावता चावता त्याचे डोळे मोठे झाले. थोरल्याने आपल्या रोटाचा तुकडा तोडून आधी नदीत सोडला. आम्ही जेवणाआधी ताटाबाहेर घास ठेवतो, तसाच. आजीने आणि जावानीज बाईने घेतला, मग जेठांनी आपला घास उचलला, मग सगळ्यांनी. ती डबाभर भाऊबंदकी त्या काळ्या खडकावर किती लवकर संपली! शेवटी डब्यात फक्त पुरणाचा चुरा उरला, तो धाकट्याने बोटाने पुसून घेतला.

खीळ बसली. संध्याकाळच्या आत आम्ही त्यांच्या गावात पोचलो. तिथे आणखी पुष्कळ बघितलं, पण त्या खडकावर जेवढं बघितलं तेवढं नाही.

चोपड्याला परत आले त्या दिवशी मी अंगणात पाय धुतले नि सासूबाई दारात उभ्या. प्रवास कसा झाला, काही नाही.

"रोट सरनात का?"

"सरले, बाई."

"कोनी खादात?"

"भाऊबंदांनी." आणि मग मी सगळं सांगितलं. पिठाचंही. ते मात्र जरा भरभर सांगितलं. जहाज सांगितलं, आजीचा मुलगा सांगितला, नदी, खडक, सगळं. सासूबाई उंबऱ्यावर बसून ऐकत होत्या. मी थांबले. 

"मंग त्यासना नाव काय शे?" त्यांनी विचारलं.

"कोणाचं?"

"ज्या पानीमा उभा व्हतात त्यासना."

मला माहीत नव्हतं. ज्याला माझ्या हाताने भरवलं त्याचं नाव मी विचारलं नव्हतं. झाडं बघितली, फुलपाखरू बघितलं, नाव राहून गेलं.

"वा व माय," सासूबाई म्हणाल्या. "भाऊबंदना नाव माहीत नई, अन् रोट खावाडीसन उनी!" आणि आत निघून गेल्या. चार-पाच दिवस माझ्याशी बोलल्या त्या फक्त कामापुरतं.

पुढच्या श्रावणात गहू मोजायला त्या स्वतः बसल्या. चुलतसासूबाई शेजारी होत्या. घरातले पुरुष एकेक करून झाले. आता सूप उचलतील म्हणून मी हात पुढे केला, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि पुन्हा मूठ भरली.

"हाई मोठा नदीवालानं," त्या म्हणाल्या. सव्वा मूठ. "हाई धाकला नदीवालानं." सव्वा मूठ. मग जावानीज बाईच्या नवऱ्याचं, त्याला तर मीसुद्धा धड बघितलं नव्हतं. आणि मग थांबून, "हाई त्या म्हातारीना पोऱ्यानं, जो रुसीसन गया."

चुलतसासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "भाबी, नदीवालासले आते पोर बी द्या एखादी."

सासूबाई हसल्या नाहीत. "कशी देसूत?" त्या म्हणाल्या. "रोट खादात ना त्यासनी. त्या घरमा आते आपली पोर जावाव नई." सूप त्यांनी माझ्याकडे सरकवलं. "दळ."

मी जात्याशी बसले.